पोकळ फरशी

माझ्या मावशीचे यजमान फरशी बसवणारे मिस्त्री. कुणाच्याही घरात शिरले की चहाआधी खाली वाकणार, बोटाच्या पेरानं फरशी ठोकणार आणि "पोकळ आहे," असं जाहीर करणार. म्हणून ते ठोकेकाका. नवं घर बघायला त्यांना फारसं कुणी बोलावत नाही.

जन्मभर उकिडवं बसल्याचा कमरेनं सूड उगवला. डाव्या पायात अशी कळ जायची की हातातला चमचा पडला तरी काका रडकुंडीला यायचे. शेवटी डॉक्टरांनी मणक्यात बारीक तार सोडली, कमरेजवळ कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं आणि हाती रिमोट दिला. बटण दाबलं की पायात मुंग्या येत आणि कळ त्याखाली बुडून जाई.

"टीव्हीचा रिमोट कधी सोडला नाहीत, आता स्वतःचाच मिळाला," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी एकच बजावलं होतं: तार आत धरेपर्यंत वाकायचं नाही. सरकली तर पाठ पुन्हा उघडावी लागेल. त्या नुसत्या विचारानं काकांना घाम फुटे. चपलासुद्धा मावशीच घालून देई.

तपासणीच्या दिवशी मीही सोबत होतो. मावशी नंबर विचारायला पुढे गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात एका फरशीवर काकांची टाच थबकली.

"ऐकलंस?"

"काका, नाही हं!"

"अरे, खाली सिमेंटचा माल नुसता चार कोपऱ्यांना लावलाय. एखादा आपटेल."

मी हात धरेपर्यंत काका खाली. टक. टक. तिसरा ठोका आलाच नाही. वर आले ते पांढरेफटक, आणि हात बरगडीवर.

"मुंग्या इथं आल्यात," ते पुटपुटले. "मावशीला बोललास तर बघ."

आत डॉक्टरांनी विचारलं, "मुंग्या पायातच ना?"

"पायातच."

खिशात काकांचा अंगठा रिमोट दाबत होता. शर्टाआड बरगडी उडत होती.

"डॉक्टर, काका आत्ता वाकले होते," मी म्हणालो.

"हा लहानपणापासून चुगलखोर," काका हसले. मावशीही हसली.

"वरून तर सगळं जागेवर दिसतंय," डॉक्टर म्हणाले. वरून दिसणाऱ्यावर जन्मात विश्वास न ठेवलेल्या माणसानं मुकाट मान डोलावली.

निघताना काकांनी त्या फरशीला वळसा घातला. डावा पाय मात्र फरफटत तिच्यावरूनच आला. खालून आवाज झाला.

"ऐकलंत?" मावशी कौतुकानं म्हणाली. "मलासुद्धा कळायला लागलं. पोकळ आहे."

"नाही," काका म्हणाले. "पक्की बसलीय."