लोणंदहून हळदीच्या रानात

लोणंदच्या माळावर ते विमान प्रथम दिसलं तेव्हा माझा विरसच झाला. लढाईतून उरलेलं, तीन माणसांचं, ठिगळं लावलेलं. माझा थोरला भाऊ, दादा, लढाईहून परतल्यावर त्यावर फिटर होता. विमानाचे मालक स्वतःच ते उडवत. त्यांना सगळे कप्तान म्हणत. ते दादाला घेऊन सांगलीला निघाले होते, मागची एक जागा रिकामी होती आणि मला मावशीकडे जायचं होतं. मी अठरा वर्षांची, सातवी पास, आणि जगातलं सगळं शहाणपण माझ्याच वेणीत गुंफलेलं.

आईनं पुढे होऊन डाव्या चाकापाशी लिंबू, मिरच्या आणि बिब्बा सुतळीनं बांधला. आमच्याकडे नवी बैलगाडी निघतानाही असंच बांधतात. मी लाजेनं अर्धी झाले. विज्ञानाच्या वाहनाला लिंबू! आई वळताच मी वाकले, गाठ सोडली आणि ते सगळं ओच्यात (निऱ्यांच्या खोचलेल्या घोळात) दडवलं. तेवढ्यात दादा कप्तानांना म्हणाला, “साहेब, डाव्या ब्रेकची खीळ बदलाया पायजे.”

“पुढच्या खेपेला,” कप्तान म्हणाले.

हे मी ऐकलं. लक्षात मात्र राहिली ती त्यांची कातडी टोपी.

साताऱ्याचा किल्ला वरून उपड्या परातीएवढा दिसतो, हे मैत्रिणींना सांगायचं मी मनात घोकत होते. कऱ्हाडपुढे कृष्णा उसाच्या हिरव्यातून वळणं घेत निघाली आणि माझं पोटही तिच्यासारखंच वळू लागलं. मग विज्ञानाच्या या कैवारी बाईंनी ओच्यातून ते लिंबू काढलं आणि सांगलीपर्यंत हुंगत बसल्या.

सांगलीबाहेरच्या मैदानावर चाकं टेकली. कप्तानांनी दोन्ही ब्रेक दाबले. उजवा लागला, डावीकडे काहीतरी ‘टक्’ झालं, आणि विमान अडेल बैलासारखं उजवीकडे फिरलं. मी किंचाळले, “हो! हो! हो!” बैल थांबवायची तीच एक हाक मला येत होती. बैल असता तर थांबला असता. हे धावपट्टी सोडून, बांध ओलांडून थेट हळदीच्या रानात घुसलं. पंखा मातीत रुतला, कंद फुटून उडाले आणि आम्ही तिघं पिवळे होऊन बाहेर आलो. खरचटण्यापलीकडे काही नाही.

रानाची मालकीण, एक दणकट काकू, विळा घेऊन धावत आली. मला खालीवर न्याहाळत म्हणाली, “अगं पोरी, लगीन ठरायच्या आदीच हळद लावून घेतलीस व्हय?”

मी हसले. दादा हसला नाही. कारण कप्तान त्याला सांगत होते, “तपासणीचा अधिकारी येईल. लिहून दे, तुझ्या आईनं बांधलेल्या लिंबाची सुतळी ब्रेकमध्ये अडकली. बांधू दिलंस तू. आता तुझा परवाना गेला, नोकरीही गेली.”

दादाचं तोंड हळदीखालीही पांढरं पडलेलं दिसलं. मी ओच्यात हात घातला आणि सुतळीसकट लिंबू कप्तानांच्या नाकासमोर धरलं. “हे लोणंदलाच सोडलं होतं. मी.”

जमलेल्या माणसांत एक म्हातारा लगेच म्हणाला, “मंग झालंच की! लिंबू सोडलं म्हनूनच घात झाला.”

“आन् बाईमानूस बसवलं वर,” दुसरा म्हणाला.

असं असतं बघा. लिंबू होतं तरी दादा दोषी, नव्हतं तरी मी. माझं डोकं सणकलं. पदर खोचून मी चाकाच्या चाकोरीत गुडघ्यांवर बसले आणि माती उकरू लागले. काकू विळा टाकून शेजारी बसली. खिळीचा तुकडा तिलाच सापडला. थुंकी लावून तिनं तो पदरानं पुसला. मोडलेलं तोंड अर्धं काळं होतं, अर्धं चकचकीत.

“ही आज न्हाई मोडली,” ती म्हणाली. “काळं हाय ती जुनी चीर. आमच्या गाडीच्या आसाची खीळ अशीच गेली हुती. तवा आमी काय बाईला बोल लावला न्हाई.”

त्या दुपारी काकूच्या खोपीत भाकरी आणि ओल्या हळदीचं लोणचं खाताना तो तुकडा माझ्या मुठीतच होता. दुसऱ्या दिवशी अधिकारी आला तेव्हा मी तो त्याच्या तळहातावर ठेवला. ‘पुढच्या खेपेला’ हे शब्दही सांगितले. त्यानं तुकडा उन्हात धरला, पाहायला घेतलेला परवाना दादाला परत दिला आणि कप्तानांना बाजूला बोलावलं.

चार दिवसांत विमान दुरुस्त झालं. मावशी म्हणाली, परत आगगाडीनं जा. मी म्हटलं, मुळीच नाही. पण चढण्याआधी चाकाशी वाकून नवी खीळ बोटांनी चाचपली.

लोणंदच्या माळावर आई उभी होती. तिनं आधी चाक पाहिलं, मग मला. “लिंबू कुटं हाय?”

मी ते सुकलेलं लिंबू ओच्यातून काढलं आणि खरं काय ते सांगितलं. आईनं ते हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, “खीळ मोडली, तू मोडली न्हाईस. लिंबू बरोबर जागी हुतं म्हनायचं.”

एवढं सगळं लढून शेवटी जिंकली आईच! पण एखाद्या बाईमुळे काही मोडलं असं कुणी सांगू लागलं, की मी म्हातारी झाले तरी अजून हात पुढे करते: आधी खीळ दाखवा.