जबड्यात जबडा

येसूबाई दहावीच्या इंग्रजीला तिसऱ्यांदा बसली तेव्हा एकावन्न वर्षांची होती. शिरगावच्या मासळीबाजारात तिच्यासोबत मासळी विकणाऱ्या बायका हसायच्या, शेजारी बसणारी राहीबाई तर सगळ्यांत जास्त. हसोत बापड्या. 'नापास' हा शिक्का पस्तीस वर्षं तिच्या नावाला चिकटला होता, आणि तो खरवडून काढायचाच असा तिचा हट्ट होता. पण ही शेवटची खेप, असं घरात ठरलं होतं.

"आये, बस झाला आता," तारापूरला कंपनीत जाणारा तिचा मुलगा केतन म्हणाला. "मित्र इचारतात."

"त्यांना सांग, आई शिकते हाय. लाज वाटत असंल तर ती तुजी, माजी नाय."

क्लासात दर्पण सरांनी लिंकिंग व्हर्ब शिकवलं. 'इज', 'ॲम', 'बिकम' ही क्रियापदं काम करत नाहीत, नुसती जोडतात. पुढं येतं ते पूरक, कर्ता कोण किंवा कसा ते सांगणारं. सगळं तिच्या डोक्यावरून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची, एक अलीकडे, एक पलीकडे. हात मध्येच थांबला. हेच की ते.

"सर," संध्याकाळी तिनं सांगितलं, "'येसू सेल्स फिश'मदी मी येगळी, मासळी येगळी. इकली, गेली. पण 'येसू इज'च्या पुढचा मंजे येसूच. जोडी हाय ती. एक सोडला तर दुसरा पण खाली."

सर खूश झाले. मग म्हणाले, "परीक्षेत 'आय ॲम अ हाउसवाइफ' लिहा. गाइडमधलं आहे, मार्क पक्के."

येसूबाईनं वही मिटली. नवरा गेल्यापासून वीस वर्षं टोपली तिच्याच डोक्यावर होती.

पेपरात स्वतःविषयी पाच वाक्यं लिहायला आली. तिनं लिहिलं: आय ॲम अ फिशसेलर. आय बिकेम अ विडो ॲट थर्टी-वन. माय हँड्स आर हार्ड. माय फिश इज फ्रेश. आय ॲम नॉट अशेम्ड.

अडतीस मार्क पडले. पास. मार्कशीटची झेरॉक्स तिनं बाजारात टोपलीमागच्या दोरीला टांगली. दिवसभर कोणी हसलं नाही. दुपारी राहीबाई जवळ सरकली.

"माजा पण फॉर्म भरशील काय गो?"

"भरीन," येसूबाई म्हणाली. "पण हाउसवाइफ लिवायचा नाय."