साथीला कोण होतं?

कुठलीही गोष्ट सरळ तिच्याकडे बघून पारखायची नाही, अशी शपथ घेऊनच जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे काका. त्यांना नवरा मुलगा दाखवायला न्या, ते त्याच्या रूममेटला स्वयंपाकघरात गाठून "भांडी कोण घासतं?" म्हणून विचारणार. जुनी गाडी दाखवा, ते गाडीकडे पाठ करून विकणाऱ्याचं गराज न्याहाळणार. काकांचा उभा जन्म मिरजेत गेला. बँकेत नोकरी, आणि नोकरीतून सुटलं की तबल्याची साथ. साथच हं! एकट्यानं तबला वाजवायला हा गृहस्थ कधी बसला नाही. गावातले हौशी गवई, परीक्षेला बसलेल्या मुली, कुणाकडचं भजन, जो बोलवेल त्याच्या शेजारी मांडी ठोकायची. त्यामुळे माणूस जोखायचा तर आधी त्याच्या साथीला कोण बसलंय ते बघायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं, की सत्तरी उलटल्यावर मुलाकडे टेक्ससात, अर्विंगला राहायला आले तरी सुटलं नाही. मुलाचं घर आमच्याच गल्लीत. मी संध्याकाळी ऑफिसातून आलो की आमच्या सोफ्यावर काका ठरलेले.

आम्ही घर घेत होतो तेव्हाची गोष्ट. एजंट बाई आम्हाला ग्रॅनाइटचा ओटा दाखवत होत्या, ही कपाटं उघडून बघत होती, आणि काका गायब. शोधतोय तर हे शेजारच्या अंगणात! तिथल्या अमेरिकन आजीबाई पत्र्याच्या शिडीवर चढून दिव्याचा बल्ब बदलत होत्या आणि काका खाली शिडी धरून उभे. बँकेतल्या इंग्रजीत गप्पा रंगलेल्या. परत आल्यावर म्हणाले, "घ्या जावईबापू. बाई फार चांगल्या आहेत." मी म्हटलं, "काका, बाई नाही घ्यायची, घर घ्यायचंय." तर म्हणाले, "घराला काय धाड भरलीय? भिंती सगळीकडं सारख्याच. कुंपणापलीकडं कोण राहतं ते बघायचं." पुढे एका हिवाळ्यात वीज गेली, नळ गोठले, तेव्हा त्याच आजीबाईंच्या शेकोटीसमोर आम्ही सगळे घोंगड्या घेऊन झोपलो, हे मला मान्य आहे. पण म्हणून माणसानं ग्रॅनाइट बघायचंच नाही का?

जेवणाचंही तसंच. इथे एका रेस्टॉरंटात शनिवारी मराठी थाळी मिळते. मालक बिचारा हौसेनं पुरणपोळी वाढायला येतो. काका हातानं थांबवणार आणि आधी डावी बाजू साफ करणार. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं चाखून मान हलवतील तेव्हा कुठं पोळीला हात. "पोळी काय, कुणीही मन लावून करतं. ज्याच्याकडं कुणी बघत नाही ती कोशिंबीर ज्यानं मन लावून केली, तो खरा आचारी." तोवर पोळी गार. मालकाच्या चेहऱ्याकडे मला बघवत नसे.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना गाण्याच्या स्पर्धेचे परीक्षक केलं, ही मंडळाची चूक. एका मुलानं ह्यूस्टनहून तबला-पेटीवाले बोलावून असं काही गायलं की हॉलमध्ये टाळ्या थांबेनात. मग एक छोटी मुलगी आली. तिची साथ म्हणजे लॅपटॉपवरचा ट्रॅक, तो मध्येच अडखळला, मग पुढं पळाला, मग बंद पडला. पोरगी घाबरली, पण गात राहिली आणि ट्रॅक परत सुरू झाला तिथं बरोबर त्याला जाऊन मिळाली. काकांनी पहिलं बक्षीस तिला दिलं. आता बोला! त्या मुलाचे वडील तावातावानं आले. "काका, अहो ह्यूस्टनचे वादक होते." काका शांतपणे म्हणाले, "उत्तम होते. त्यांना द्या की बक्षीस." पुढल्या वर्षी मंडळानं दुसरा परीक्षक शोधला. गंमत अशी की तेच वडील महिन्याभरात आपल्या पुतणीला आलेलं स्थळ घेऊन गुपचूप काकांकडे सल्ल्याला आले. सगळेच यायचे. चारचौघांत चेष्टा करायची आणि एकट्यानं विचारायला यायचं, असा काकांचा मान होता.

म्हणूनच आमच्या ओजसचा निकाल त्यांच्याकडे गेला.

ओजस म्हणजे आमचे चिरंजीव, तेव्हा दहावीत. रविवारी तळ्याकाठच्या मैदानावर आम्ही सगळे देशी लोक क्रिकेट खेळतो, तिथं हा बाउंड्रीवरून असा थ्रो करायचा की चेंडू थेट यष्ट्यांवर. ते शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या कोचनं कुठून तरी बघितलं. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा गडी, गाव सोडून गेला होता, आणि एक दिवस चिरंजीव हेल्मेट घेऊन घरी. टेक्ससात क्वार्टरबॅक होणं म्हणजे काय हे इथं राहणाऱ्यालाच कळेल. अख्खी शाळा त्याच्याकडे बघते, आणि हरलं की शिव्याही त्यालाच. आणि हरणं तर आमच्या शाळेनं जणू व्रत म्हणून घेतलेलं! आमचा भाग सगळा आयटीवाल्यांचा, पोरं बुद्धिबळात पटाईत. ओजसला वाचवायला पुढे जी पाच धिप्पाड मुलं उभी राहायला हवीत, त्यांतली दोन रोबोटिक्स क्लबची, एक बँडमध्ये ट्रोम्बोन वाजवणारा, एक चष्मा काढल्यावर काही न दिसणारा. पाचवा आमच्या समोरच्या तेलुगू घरातला श्रीकर. देह भीमाचा, पण कुणाला धक्का लागला तर आधी हाच सॉरी म्हणणार.

सामन्यामागून सामने हरत गेले. ओजसच्या पाठीवर निळे डाग. ही रात्री शेकताना डोळे पुसायची. स्टँडमधले पालक आमच्या देखत म्हणायचे, या पोरात काही नाही. मी आपला स्कोअर बघणारा माणूस, मलाही वाटायचं, दम असता तर एखादी तरी मॅच काढली नसती का? आम्ही दोघांनी ठरवलं, सीझन संपला की बास. हाडं मोडून घेण्यापेक्षा अभ्यास कर म्हणावं. ओजसला हे सांगितलं आणि तो जेवायचा थांबला. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसता ताटाकडे बघत बसायचा. शेवटी एक दिवस तोच म्हणाला, "लेट आजोबा डिसाइड. लास्ट गेमला ते येतील. ते नो म्हणाले तर आय विल क्विट. प्रॉमिस."

मी ताबडतोब हो म्हटलं. मिक्सर लावला तरी कानावर हात ठेवणारा माणूस त्या दंगलीत घटकाभर बसणार नाही. झालं आपलं काम!

सामन्याआधी काकांना खेळ समजावून सांगायला बसलो. म्हटलं, मधला मुलगा चेंडू मागे ओजसला देतो. ओजसनं तो लांब धावणाऱ्या आपल्या मुलाकडे फेकायचा. तोवर समोरचे धटिंगण याच्या अंगावर येतात, त्यांना पुढच्या पाचांनी अडवायचं. काकांनी विचार केला. "म्हणजे ओजस गवई. ते पाच आणि चेंडू झेलणारे, ही साथ."

"असं म्हणा."

"आणि ते अंगावर येतात ते?"

"ते समोरचे."

"म्हणजे श्रोते," काका म्हणाले. "मिरजेत बघितलेत तसले."

शुक्रवारी संध्याकाळी काका स्वेटर, मफलर आणि माकडटोपी चढवून स्टँडमध्ये बसले. आजूबाजूला टेक्सन मंडळी अर्ध्या बाह्यांत. खेळ सुरू झाला आणि काकांनी पहिला प्रश्न केला, "ती पुढची पाच पोरं कोण?" मी पाचांची ओळख करून दिली. काकांची कळी खुलली. "सगळेच हौशी!" मध्यंतरात तो ट्रोम्बोनवाला खांद्यावरचं चिलखत तसंच ठेवून बँडमध्ये उभा राहून वाजवायला लागला तेव्हा तर त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या.

पण खरी फजिती त्यानंतर झाली. ओजसनं एक चेंडू असा लांब फेकला की धावणाऱ्या मुलाच्या दोन हातांच्या ओंजळीत जाऊन पडला. आणि त्या पोरानं तो सोडला. अख्ख्या स्टँडनं कपाळावर हात मारला, आणि त्या शांततेत आमच्या काकांचा खणखणीत आवाज, "क्या बात है!" पुढच्या रांगेतला एक अवाढव्य माणूस वळला. "सर, वी ड्रॉप्ड दॅट." काका आनंदानं म्हणाले, "येस येस! बट व्हॉट अ थ्रो!" तो माणूस त्यांना समोरच्या शाळेचा समजला असावा. त्यानंतर आमच्या पुढच्या जागा रिकाम्याच राहिल्या. मी मान खाली घालून पॉपकॉर्न खात होतो.

उरलेल्या खेळात श्रीकरची बाजू पार कोसळली. समोरचा एक दांडगा मुलगा दर खेपेला त्याला बाजूला सारायचा आणि ओजसला जमिनीवर आपटायचा. हेल्मेटचा आवाज वरपर्यंत यायचा. ही माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की नखं रुतत होती. ओजस पडायचा, उठायचा.  काकांची गुडघ्यावर सारखी ठेका धरणारी बोटं एव्हाना थांबली होती. चेंडू कुठंही असो, त्यांची नजर एकाच जागी. मला वाटलं, निकाल लागला. शेवटी एक्केचाळीस विरुद्ध सहा असे हरलो. मी हिला हळूच म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

ओजस पार्किंगमध्ये आला. ओले केस, कोपराला बर्फाची पिशवी. सरळ काकांसमोर येऊन उभा राहिला. काकांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"बाळा, तो जाडा मुलगा पडला की तू त्याला हात देऊन उठवत होतास. तेव्हा त्याला काय म्हणत होतास?"

ओजस गोंधळला. "श्रीकरला? नथिंग, आजोबा. आय जस्ट सेड, नेक्स्ट वन."

"त्याच्यामुळं तुला लागत होतं. राग नाही आला?"

"ही वॉज ट्रायिंग, आजोबा," ओजस म्हणाला. "त्याला ऑलरेडी बॅड वाटत होतं."

काकांनी त्याच्या दंडावर थोपटलं. मग माझ्याकडे वळले. "जावईबापू, मी जन्मभर साथीला बसलो. माझा काही फार मोठा हात नव्हता. कधी लय सुटायची, सम चुकायची. चुकलं की गाणारा मान वळवून बघतो. भर बैठकीत. बोलत नाही, नुसता बघतो. मग सगळे श्रोते आपल्याकडं बघतात. घरी आल्यावर तुमच्या काकूला सांगायचीसुद्धा लाज वाटायची मला." त्यांनी मफलर सोडून परत बांधला. "एकदाच, सांगलीच्या एक बाई गात होत्या, माझा ठेका पार सुटला. बाईंनी बघितलं नाही. एक सूर धरून थांबल्या. मी सापडेपर्यंत थांबल्या, आणि मला घेऊन समेवर आल्या. श्रोत्यांना पत्ता नाही. तसं गाणारं माणूस मला पुन्हा भेटलं नव्हतं."

"पण काका, हा जिंकेल का कधी?" मी विचारलं. राहवलं नाही.

"ते मला विचारू नका. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण याच्या साथीला मी बसलो असतो."

हिनं तोंडाला पदर लावावा तशी जॅकेटची बाही लावली. मी गाडीचं दार उघडलं. हेल्मेट परत करायचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर काकांच्या मुलाची नोकरी पार दुसऱ्या राज्यात, फ्रीमाँटला गेली. काका म्हणाले, या वयात आणखी एक नवी गल्ली नको, आणि ते मिरजेला परतले. आता संध्याकाळी मी घरी येतो तेव्हा सोफा रिकामा असतो. आपलं हक्काचं कुणी माणूस तिथून उठून गेलं की सोफा केवढा मोठा दिसतो! उन्हाळ्यात पलीकडच्या मोठ्या शाळेतल्या मित्रांनी ओजसला फार गळ घातली. त्यांचा संघ तगडा, क्वार्टरबॅक पास होऊन गेलेला. मी तर उत्साहानं तिकडे भाड्यानं घर बघायलाही लागलो होतो. ओजस नाही म्हणाला. का ते सांगितलं नाही, आणि हिनं मला विचारू दिलं नाही.

शनिवारी सकाळी काकांचा व्हिडिओ कॉल असतो. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, आणि फोन कसा धरायचा हे अजून कळत नाही. आम्हाला अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. परवा आम्ही जिंकलो. दोन सीझनांत पहिल्यांदा! मी ओजसच्या मागून ओरडून ओरडून स्कोअर सांगत होतो. काकांचं तिकडे लक्षच नाही. त्यांनी आपलं नेहमीचं विचारलं.

"साथीला कोण होतं रे?"

ओजस फोनच्या अगदी जवळ गेला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सेम गाइज, आजोबा. तेच सगळे."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला. पडद्यावर नुसता पंखा फिरत होता. थोड्या वेळानं कुठून तरी, अगदी हळू, ऐकू आलं, "क्या बात है."