बिट्टूने कण्हेर खाल्ली, त्या दुपारी

इथले भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते, आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा हसून फोन बाजूला ठेवते. आमचं बौद्ध घर. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशीच घरातले गंडे-दोरे, उतारे सगळं एकदम बाहेर गेलं, ते परत आलं नाही. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, भास होणं असं काही कुणी सांगायला लागलं की माझं डोकंच फिरतं... तरी आज लिहायला बसले आहे, कारण या प्रकाराने मला अक्षरशः वैताग आणलाय.

यवतमाळहून दारव्हा रस्त्याने निघालं की लोहारा लागतं. तिथे एका लेआउटमध्ये आमचं घर आहे. नवरा एमआयडीसीत डाळ मिलमध्ये सुपरवायझर, मुलगी प्राची अकरावीला, आणि मी रोज बसने बोरी अरबला शाळेत जाते. घरापुढे छोटा पोर्च, त्याला लागून मातीची पट्टी, त्यात गुलाबी कण्हेरीचं झाड. उजव्या हाताला राठोड काकूंचं घर. मध्ये डोक्याच्या वर जाणारी भिंत. त्यामुळे काकू आणि मी एकमेकींना दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

तर बिट्टू. माझ्या नणंदेच्या घराजवळ, आर्णीला, रस्त्यावरच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. प्राची तिथे गेली आणि येताना ओढणीत गुंडाळून एक तपकिरी गोळा घेऊन आली. जेमतेम दोन महिन्यांचं पिल्लू. "आई, फक्त आठ दिवस," म्हणाली. ते आठ दिवस अजून संपायचे आहेत.

पिल्लू पाळणं म्हणजे काय असतं हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. पोर्चभर पेपर अंथरून ठेवले तर हा पठ्ठ्या पेपर सोडून नेमका पुसलेल्या फरशीवर मुतायचा. माझ्या दोन चपला, नवऱ्याच्या हेल्मेटचा पट्टा आणि चाचणीचे अर्धे पेपर त्याने फाडले. दात शिवशिवायचे म्हणून चालताना टाचेला लोंबकळायचा. कानात गोचिड्या. जंताचं औषध दिलं तर दोन दिवस जुलाब. जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, दूध द्यायचं नाही, दहीभात द्या. आणि प्राची लाडाने गुपचूप दूध पाजायची... की पुन्हा जुलाब! धुवायचं कोणी? मीच.

प्राची मोबाईलवर व्हिडिओ बघून त्याला शिकवायची. "बिट्टू, सिट," म्हणून बिस्किट पुढे धरायची. तो बिस्किट खायचा आणि निघून जायचा. माझ्या ओरडण्याचा मात्र त्याच्यावर एक परिणाम व्हायचा — कान पाडायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा आणि बसल्या जागी मुतायचा. म्हणजे ओरडून पुन्हा काम मलाच!

राठोड काकूंना कुत्र्याची भयंकर भीती. त्यात बिट्टूने एकदा गेटखालून जाऊन त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर लोळण घेतली. तेव्हापासून काकू माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. "मास्तरीणबाई, पोट्टे सांभाळता शाळेत, हे एक कुत्रं नाही सांभाळल्या जात तुमच्याच्यानं?" असं भिंतीपलीकडून ऐकवत.

त्या दिवशी बिट्टूचं पोट पुन्हा बिघडलेलं होतं, म्हणून त्याला घरात न ठेवता पोर्चमध्ये लांब दोरीने बांधलं. झाडापर्यंत पोचणार नाही असं मला वाटलं. पाणी ठेवलं, दहीभात ठेवला. प्राची कॉलेजला, नवरा कामावर. घराला कुलूप लावून मी बस पकडली. गेटला नुसती कडी.

मधल्या सुट्टीनंतर माझे सातवीवर लागोपाठ दोन तास होते. फोन स्टाफरूममध्ये, पर्समध्ये. तास संपवून बघते तर काकूंचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. मी घाबरून लावला.

"झालं का काम तुमचं?" काकू तिकडून कडाडल्याच. "मले या कुत्र्यापाशी बसवून कुठं पसार झाल्या तुम्ही?"

"काकू, काय झालं? कुठे आहात?"

"दवाखान्यात! जनावराच्या! दुसरं कुठं? तुम्हीच त न्या म्हणलं ना!"

मला काही कळेना. मागून डॉक्टर मॅडमनी फोन घेतला. म्हणाल्या, "तुम्ही निघा. कण्हेरीची पानं खाल्लीत त्याने. उलटी करवली आहे, सलाइन लावलंय. ठोके फार अनियमित आहेत. आत्ताच काही सांगता येणार नाही."

बोरी अरबहून मी कशी आले ते माझं मला माहीत. बस मिळेना, शेवटी एका सहकाऱ्याने गाडीवर आणून सोडलं. या कुत्र्याला रोज शिव्या घालणारी मी, रस्ताभर एकच घोकत होते, मरू नको रे भामट्या, मरू नको... प्राचीला काय सांगू मी?

दवाखान्यात काकू बाकावर बसल्या होत्या. पदराला उलटी लागलेली, पायाशी भाजीची मोठी पिशवी. त्याच पिशवीत घालून, ऑटो करून, त्यांनी बिट्टूला आणलं होतं. ज्या बाई कुत्रं दिसलं की रस्ता बदलतात, त्या बाईंनी! मी त्यांचे हातच धरले. त्यांनी झटकले.

"राहू द्या. आधी सांगा, मले आवाज देऊन गेल्या कुठं होत्या?"

"मी शाळेत होते काकू."

"लबाड नका बोलू! मी नळावर कपडे धूत होती. तुम्ही तिकडं त्याले बोलून राह्यल्या होत्या, रोजच्यासारखं. 'किती खेपा सांगितलं, त्या झाडाले तोंड लावू नको.' मग मले हाक मारली. 'काकू, या ना जरा. यानं कण्हेर खाल्ली. याले लवकर दवाखान्यात न्या, डॉक्टरले कण्हेरच सांगा.' मी म्हणलं, तुम्ही काहून नाही नेत? त म्हणता, 'मले नाही उचलता येत त्याले.' मी गेट उघडून आली, त पोर्चमध्ये कोणीच नाही. दाराले कुलूप. अन् हे फेस गाळत पडलेलं!"

मला वाटलं, काकूंना काहीतरी भास झाला. उन्हात कपडे धुताना होतं असं. पण मग विचार केला आणि तिथेच अडकले. कण्हेर. पिल्लाने कण्हेर खाल्ली हे काकूंना कसं कळलं? भिंतीपलीकडचं त्यांना दिसत नाही. आणि त्यांनी ते सांगितलं नसतं तर? डॉक्टर मॅडमनी स्वतः सांगितलं, "याच्या जुलाबाची हिस्टरी माझ्याकडे होती. नुसतं उलट्या होताहेत म्हणाल्या असत्या तर मी पोटाच्याच औषधाने सुरुवात केली असती. त्यात वेळ गेला असता." उलटीत पानांचे तुकडे निघाले, पण ते नंतर. काकूंनी आत पाय टाकतानाच सांगितलं होतं, कण्हेर.

बिट्टू वाचला. दोन दिवस मान टाकून पडून होता, तिसऱ्या दिवशी सलाइनची पट्टी चावायला लागला तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता न्या याला."

घरी आल्यावर नवऱ्याने पहिलं काम केलं, कण्हेर मुळासकट काढली. दुसरं काम प्राचीने केलं. समोरच्या घराला कॅमेरा आहे, त्यात आमचं गेट आणि अर्धा पोर्च येतो. ती त्यांच्याकडून त्या दुपारचं रेकॉर्डिंग घेऊन आली. आवाज नाही त्यात, नुसतं चित्र. आम्ही तिघं बसलो बघायला.

बिट्टू झाडाशी काहीतरी चावतो आहे. पोर्चमध्ये कोणी नाही. मग एकाएकी तो चावायचा थांबतो. मान वर करून बघतो, म्हणजे माणसाचं तोंड जिथे असतं ना, तिथे. कान पाडतो. आणि बसल्या जागी मुततो.

प्राची म्हणाली, "आई, हे तर तू ओरडल्यावर करतो तो."

मी म्हटलं, "बंद कर ते."

पुढे थोड्या वेळाने तो लटपटतो, आडवा पडतो, मग गेट उघडून काकू येतात. इकडे बघतात, तिकडे बघतात, दार वाजवतात. त्यांचे हातवारे बघूनच कळतं की मला शिव्या घालत आहेत. काकूंच्या आधी गेटमधून कोणीही आत आलेलं नाही. कोणीही बाहेर गेलेलं नाही.

मी सगळं तपासलं. रस्त्यावरची कुणी बाई बोलली असेल? पण तिने काकूंना हाक कशी मारली? फोनवर माझं रेकॉर्डिंग? कुठून येणार? प्राचीने माझी नक्कल केली? ती कॉलेजमध्ये प्रॅक्टिकलला होती. शाळेत माझ्यासमोर अख्खी सातवी बसलेली. नवरा म्हणतो, "वाचला ना? मग कायले डोकं खाजवतं?" पण माझं डोकं तसं नाही. मला कारण लागतं, आणि कारण सापडत नाही याचा इतका संताप होतो की काय सांगू.

त्यात काकू! बिट्टू वाचल्यापासून त्याच्यासाठी रोज पोळी आणतात, लांबूनच टाकतात. पण माझ्यावरचा राग काही जाईना. जिला-तिला सांगत सुटल्या, "मास्तरीणबाईनं कुत्रं माह्या गळ्यात टाकलं अन् आता साफ नाही म्हणते." कॅमेऱ्याचं सांगितलं तर म्हणे, कॅमेऱ्यात काय सगळं येते? शेवटी मागच्या आठवड्यात मी कंटाळले. त्या गेटशी पोळी घेऊन आल्या तेव्हा सरळ म्हणून टाकलं, "हो काकू, मीच होते. चुकलं माझं. घाईत होते, सांगता आलं नाही."

काकूंचा चेहरा एकदम निवळला.

"एवढंच म्हणायचं होतं ना मग," त्या म्हणाल्या. "मी का तुमचा आवाज ओळखत नाही?" पोळीचा तुकडा बिट्टूकडे टाकला, जायला वळल्या आणि थांबल्या. "फक्त एक विचारू? राग नका मानू. म्या कोणाले सांगतलं नाही आजपर्यंत. तुम्ही त्या दिवशी एवढ्या रडून कायले राह्यल्या होत्या?"

मी त्या वेळी सातवीच्या वर्गात उभी राहून पचनसंस्था शिकवत होते.