सासूबाईंची कावीळ

खोटं मीच बोललो होतो. चाळीसेक वर्षं झाली. सासूबाई आतड्याच्या कॅन्सरनं गेल्या आणि तेव्हाच धाकट्या मेहुणीचं लग्न जमत होतं. मुलाकडचे विचारणार, पोरीची आई कशानं गेली. मोठा जावई म्हणून मी पुढं झालो आणि सांगितलं, कावीळ झाली होती. लग्न जमलं. पंगतीत मला आग्रह करकरून वाढलं.

माझ्या बायकोला तेव्हा दिवस होते, म्हणून तिलाही कावीळच सांगितली. खरं काय ते मला आणि मेहुण्याला ठाऊक. पुढं बऱ्याच वर्षांनी तिचं पोट दुखायला लागलं, शौचातून रक्त जायला लागलं. डॉक्टरनं विचारलं, घरात कोणाला असं काही होतं का? ती म्हणाली, नाही. मी शेजारीच बसलो होतो. गप्प बसलो. वर्षभर मूळव्याधीची औषधं खाल्ली तिनं. निघाला आईचाच कॅन्सर. आता तिला जाऊन दोन वर्षं झाली, आणि मला अजून दोन माणसांचा भात शिजवायची सवय आहे.

मुलीनं मुंबईला रक्त तपासून घेतलं. या कॅन्सरचा दोष तिच्यातही निघाला, आईकडून आलेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. अशा घरातल्या माणसांसाठी लस शोधताहेत. पेशी बिघडायला लागली की शरीरानंच तिला ओळखून मारावं, अशी. अजून तपासून बघताहेत, कधी येईल, येईल की नाही, सांगता येत नाही. तोवर दुर्बिणीनं आतडं बघत राहायचं. पण लस असो की दुर्बीण, कोणाला गरज आहे हे तर कळलं पाहिजे. म्हणाल्या, मामाचं रक्त तपासा. त्याच्यात दोष नसेल तर त्याच्या पोरानातवांना याची काळजी नाही.

मी जन्मभर यावलला केळीत राबलो. कंद घेताना कोणत्या बागेतला, रोग होता का, दहादा विचारतो माणूस. रोगी झाड दिसलं की उपटून फेकतो. पोरीचंही लोक तसंच करतील, ही भीती आम्हाला. पण पोर म्हणजे केळीचं झाड नाही.

बस धरली आणि देवपूरला मेहुण्याकडं गेलो. त्याच्या नातीला दुसऱ्या दिवशी पाहुणे बघायला येणार होते. घरात रंगाचा वास. डॉक्टरीणबाईंचं सगळं त्याला सांगितलं आणि म्हटलं, रक्त तपासायला चल.

"दाजी, आते हाई उकरू नका," तो म्हणाला. "पोरनं लगीन जमी ऱ्हायनं. आनि तुमनी लस कोठे शे? दखाडा बरं."

"नाही आली अजून," मी म्हणालो. "तुझ्या बहिणीला तर तपासणीसुद्धा मिळाली नाही. माझ्यामुळं. आणि तुझ्यामुळं."

"मी काय करं?"

"कावीळ म्हणालो तेव्हा तू मान हलवलीस."

चहा घेऊन नात दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मेहुणा तिला म्हणाला, आत जा. ती गेली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "आबा, तुम्ही चाला. नही ते मी एकली जास."

"उद्या पाहुणा येतस, बेटा."

"येऊ द्या. बसतीन."

मी हललो नाही. मेहुण्याला म्हटलं, जेवायला नाही वाढलंस तरी चालेल, मी इथंच झोपणार.

सकाळी त्यानं टोपी घातली. दवाखान्यात फॉर्मवर विचारलं होतं, आई कशानं वारली. त्यानं पेन माझ्याकडं सरकवलं. चौथी शिकलेला हात माझा, वेळ लागतो. नर्स म्हणाली, बाबा, द्या, मी लिहिते.

नाही म्हटलं. खोटं मी सांगितलं होतं, खरं मीच लिहिणार.