कानपिळीचा भाऊ

खोपोलीच्या बाजारात कुणीही कुणालाही ‘ओ भाऊ’ अशी हाक मारली, की यिर्झी वळून बघायचा. त्याची काही चूक नव्हती. आमच्या कारखान्यात नवं मशीन उभं करायला तो चेक देशातून सहा महिन्यांसाठी आला होता आणि ‘यिर्झी’ हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना. फिटर लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा ‘भाऊ’ करून टाकला. नाव ठाऊक नसलेला प्रत्येक पुरुष आपल्याकडे भाऊच असतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याने हेल्मेटवर ‘भाऊ’ लिहून घेतलं.

हाकेला उत्तर काय द्यायचं, तेही फिटरांनीच पढवलं होतं: “बोल रं, काय काम?” एकदा एका टेंपोवाल्याने शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली, “भाऊ, जरा धक्का मारा.” रिक्षावाला जागचा हलला नाही. यिर्झीने मात्र “बोल रं” म्हणत टेंपो पार वळणापर्यंत ढकलत नेला. मी कारखान्याच्या खरेदी विभागात, शिवाय त्याची दुभाषी. त्याला खरं काय ते सांगायचं मी रोज उद्यावर ढकलायचे. खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटत होती.

पुढे माझ्या धाकट्या बहिणीचं, मनीषाचं लग्न ठरलं. कळंबला, आमच्या दारातच मांडव. यिर्झीला आमंत्रण होतंच. त्या लग्नात घरातल्या सगळ्यांना धास्ती होती ती एकाच गोष्टीची, कानपिळीची. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळून ‘माझ्या बहिणीला नीट वागव’ असं बजावायचं आणि नवऱ्याने टॉवेल-टोपी देऊन त्याचा मान करायचा. आमचा एकुलता एक भाऊ दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. बाबा म्हणाले, चुलतभावाला उभं करू. आईने ऐकलं नाही.

“माझ्या पोराच्या जागेवर कुणी उभं ऱ्हायचं नाय. ऱ्हाऊ दे ती जागा मोकली.”

मग बाबांनी गुरुजींना कानपिळी गाळायला सांगितलं. पण गुरुजींना त्या दिवशी आणखी एक मुहूर्त गाठायचा होता. घाईत ते विसरले आणि सवयीने माइकवर बोलून गेले, “नवरीचा भाऊ कुठं आहे? चला भाऊ, लवकर या.”

चुलतभाऊ खाली मान घालून बसला. आणि पहिल्या रांगेतून, डोक्यावर गुलाबी फेटा, कपाळावर घामाने ओघळलेलं गंध, असा यिर्झी उठला. “बोल रं, काय काम?”

गुरुजींनी त्याचा हात धरून नवऱ्याच्या कानावर ठेवला आणि कसं पिळायचं ते दाखवलं. नटबोल्ट आवळणारा हात तो. नवरा कळवळला, वऱ्हाडी मंडळी पोट धरून हसली. मी दहा पावलांवर उभी होते. मनीषा डोळे मिटून बसली होती. आईने मांडवाचा खांब धरला होता. त्याला थांबवायला हवं होतं, आणि चारचौघांत काय म्हणून थांबवायचं ते सुचत नव्हतं. नवऱ्याने दिलेली टोपी फेट्यावरच चढवून तो आमच्याकडे बघून हसला. मला त्याचा भयंकर राग आला.

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी त्याला सगळं सांगितलं. ‘भाऊ’ म्हणजे काय, तेही. त्याने चमचा खाली ठेवला आणि जेवण तसंच टाकून उठला.

त्याच संध्याकाळी तो कळंबला आमच्या दारात हजर. टॉवेल आणि टोपी घडी घालून आणली होती. शनिवारी तो मायदेशी निघणार होता. “आईला सांग,” तो मला इंग्रजीत म्हणाला, “हे दुसऱ्याचं आहे. मी चुकून घेतलं.”

मी सांगितलं. आई म्हणाली, “दिलेला मान माघारी घेत नाय रं.”

तो तसाच हात पुढे करून उभा. मग मोडक्यातोडक्या मराठीत त्याने विचारलं, “त्याचं नाव काय?”

दोन वर्षं घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. आईला जपायचं म्हणून आम्ही जपत होतो, आणि आई आम्हाला.

“नितीन,” आई म्हणाली.

आणि मग ती बोलतच राहिली. नितीन चालायला कधी लागला, भातावर दूध घेतल्याशिवाय कसा उठायचा नाही, त्या दिवशी निघताना “आलोच गं” म्हणाला ते. बाबा उठून अंगणात गेले. यिर्झीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तो नजर न काढता ऐकत होता. मधूनमधून माझ्याकडे बघायचा, ती काय म्हणतेय ते सांग म्हणून. मी तोंड उघडायचे आणि रडायला लागायचे. एक वाक्यही मला सांगता आलं नाही.

शनिवारी तो गेला. आई अजून मधूनच विचारते, “मी बोलले ते सगलं त्याला सांगितलंस ना गं?”

मी हो म्हणते.