नारबोदीला सांगितलेला खोकला

लिहिणे हे माझे काम नव्हे. आमच्या घरात शाळेची पायरी चढणारा मीच पहिला. चार पुस्तके वाचली म्हणून आपले दुःख लोकांपुढे मांडावे, हे मला अजून बरे वाटत नाही. तरी लिहितो आहे. क्षमा असावी.

ते माझे कॉलेजचे पहिले वर्ष. गोंदियाला लागून फुलचुरात आम्ही तिघे एका खोलीत राहत होतो. पोळा आला, पण मला घरी जाता येईना. आमचे गाव आमगावाच्या पुढे, नदीपलीकडे. नदीला पूर होता, पलीकडे नेणारा डोंगा बंद होता.

घरी दादा जेठ महिन्यापासून खोकत होता. बाप गेल्यावर माझी शाळा सुटू नये म्हणून त्याने एकट्याने नांगर धरला होता. कॉलेजला निघालो तेव्हा माझी पेटी डोक्यावर घेऊन तो नदीपर्यंत आला आणि पेटी खाली ठेवून इतका खोकला, की माझा पाय निघेना.

"काऊन थांबून राहिला बे? गाडी जाईल नं!" तो ओरडला.

पोळ्याला आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. त्यांना मेढी म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपटून गावाबाहेर फेकायच्या आणि घरातली दुखणी रोगराई घेऊन जाणाऱ्या नारबोद राक्षसिणीच्या हवाली करायची, मोठ्याने ओरडून. आम्हीही खोलीच्या दाराला मेढी लावली. वडे तळले, ते बाहेरून काळे, आतून कच्चे.

सकाळी फांद्या घेऊन शिवेवर गेलो. बालाघाटकडचा सोबती आधी ओरडला, "अंग्रेजी का पर्चा ले जा गे नारबोद!"

तिरोड्याचा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याच्या वड्यानं झालेली पोटदुखी घेऊन जाय गे नारबोद!"

कॉलेजात शिकणाऱ्याने असे ओरडावे का, याची मला लाज वाटत होती.

तिरोड्याच्याने मला हटकले, "तोंड काऊन शिवून राहिला बे? तुह्या घरी सारेच पैलवान हायेत काय?"

तेव्हा मी ओरडलो, "माह्या दादाचा खोकला घेऊन जाय गे नारबोद!" शेवटी आवाज फाटला.

कोणी हसले नाही. बालाघाटवाल्याने माझ्या हातातली फांदी धरली आणि तेच शब्द जोरात म्हटले. मग तिरोड्याच्यानेही. घसे बसेपर्यंत आम्ही तिघे दादाचाच खोकला हाकलत राहिलो.

परतताना मला फार हलके वाटले. त्याच दिवशी घरी कार्ड टाकले: खोकला आता कमी झाला असेल, कळवावे.

नऊ दिवसांनी गावच्या गुरुजींच्या अक्षरात कार्ड आले. त्याचा कोपरा फाडलेला होता.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तुझा दादा वारला. नदी उतरेपर्यंत निरोप धाडता आला नाही. सुतक असल्याने बैल पोळ्यात नेले नाहीत. दाराला मेढी लावली नाही."